थांबायला सांगितलेली मुलं

पाय टांगून पडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती खाज. दुखण्याची सवय होते, त्याच्या वेळा कळायला लागतात. पण फळ्या आणि पट्ट्यांच्या आत, हात पोचत नाही तिथे जी खाज सुटते ती माणसाला रडवते. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते आहे. केरसुणीची एक काडी उशाशी ठेवावी आणि नर्सबाई पाहत नसताना हळूच आत सरकवावी. मी स्वतः नर्स आहे, तरी हेच सांगेन.

खांडबाऱ्याच्या एका खोलीच्या दवाखान्यात मी काम करत होते. यजमान तिथल्याच स्टेशनात तारबाबू. डॉक्टर नवापूरहून आठवड्याला एकदा यायचे, बाकी दिवस जखमा धुणं, खोकल्याचं औषध देणं, अडलेल्या बाईपाशी बसणं हे सगळं मीच करायची. त्या वर्षी वैशाखात माझा उजवा पाय मोडला. एकटीचा मोडला असता तर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. पण माझ्याबरोबर वीसेक मुलं त्याच ढिगाखाली सापडली. काही पुढे माझ्याच वॉर्डात होती. एक माझ्याजवळच गेला. पायाबद्दल लिहायचं म्हटलं की त्यांच्याबद्दल लिहावंच लागतं.

गुदाम

बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली उतरतात, म्हणून देवी टोचायला तोच दिवस ठरला होता. दवाखान्यात तेवढी मुलं मावली नसती. स्टेशनाजवळ एका व्यापाऱ्याचं मोहाच्या फुलांचं गुदाम रिकामं होतं: मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. सावली होती, एवढंच आम्ही पाहिलं. मुलांना आत रांगेने बसवलं. टोचणारे मास्तर दाराशी, मी आत मुलांचे दंड पुसत होते. आयाबाया बाहेर उभ्या होत्या, कारण आत आल्या की मुलं जास्त रडायची.

दुपारी वारा सुटला. आमच्याकडे वैशाखात वावटळी उठतात, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मग एकदम पत्रा उचलला गेल्याचा आवाज आला, डोक्यावर लख्ख ऊन पडलं, आणि त्या उन्हाकडे मी पाहते न पाहते तोच मधली तुळई आणि बाजूची भिंत आत आली.

पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. मग सगळी मुलं एकदम ऐकू आली.

हमालांनी मला ओढून बाहेर काढलं तेव्हा गुडघ्याखालचा पाय दुसऱ्याच दिशेला पाहत होता आणि लुगड्यातून हाडाचं टोक दिसत होतं. मी तो पदराने झाकला. लाजेने नव्हे. तो दिसला असता तर मला दुसरं काही सुचलं नसतं.

चिंचेखाली

मास्तरांच्या कपाळावर पत्रा लागला होता. ते रक्त पुसत बसले होते आणि पुन्हा पुन्हा आपली सुई कुठे गेली म्हणून विचारत होते. दुसरं जाणतं कोणी नव्हतं. बाजारातल्या कोणाची तरी बाज आणून मला तिच्यावर चिंचेखाली ठेवलं होतं. माणसं ढिगाऱ्यातून पोरं काढत होती आणि जो तो आपलं मूल माझ्याकडे घेऊन धावत होता.

शिकत असताना आमचे एक डॉक्टर होते, लढाईवर जाऊन आलेले. ते म्हणायचे, जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, तो थांबू शकतो. आधी गप्प असलेल्याकडे जा. वर्गात हे किती सोपं वाटलं होतं. मोठ्यांच्या बाबतीत सोपं असेलही. पण चार वर्षांचं पोर हात पसरून रडत असताना त्याच्यावरून नजर काढून शेजारच्या शांत पोराकडे पाहायचं, हे कोणालाच सोपं नाही.

मला उठता येत नव्हतं. माझे पाय झाली ती गोदाबाई कासारीण. गावोगाव बांगड्या भरत फिरणारी, अहिराणी बोलणारी. डोंगरातल्या लोकांचीही बोली तिला येत होती. ती तिचा बांगड्यांचा हारा सोडून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सांग बाई, काय करू?"

"ज्यांना चालता येतंय त्यांना त्या कडुनिंबाखाली बसव. आणि गप्प पडलेली इकडे आण. आधी गप्प असलेली."

ती दोन्ही बोलींत ओरडत फिरली. चालणारी पोरं कडुनिंबाखाली गेली, आणि एकदम गर्दी निम्मी झाली. मग ती एक पोर उचलून धावत आली. "बाई, हाऊ पोऱ्या रडी नही ऱ्हायना. निळा पडी गया!" त्याच्या तोंडात माती गच्च भरली होती. तिला बोट घालून काढायला सांगितलं, त्याला पालथा केला, पाठीत थापट्या मारल्या. तो खोकला, आणि मग असा रडला की गोदाबाई त्याच्याबरोबर रडायला लागली. मी तिला ओरडले, "रडू नको, पुढचं आण!" एरवी मी कोणावर असं ओरडत नाही.

त्याच वेळी जमनीची आई आली. गावातल्या तेल्याची ती बायको. मी तिला चांगली ओळखत होते. आठ वर्षांची जमनी तिच्या कडेवर होती. कोपरापासून हात वाकडा लोंबत होता. "बाई, मन्हा हात! मन्हा हात देख ना!" जमनीने हंबरडा फोडला होता.

बोटं गार आहेत का ते मी पाहिलं. गरम होती. "हिला कडुनिंबाखाली बसव," मी म्हणाले. "हात पोटाशी धरून ठेव. मी नंतर पाहते."

"नंतर? आधी मन्ही पोरले देख! कितली रडी ऱ्हायनी ती!"

"रडतेय म्हणूनच थांबेल ती."

तिने माझ्याकडे पाहिलं. जवळ वाकून, हळू आवाजात म्हणाली, "तुले लेकरू नही. तुले काय समजस?"

आणि पोरीला घेऊन कडुनिंबाखाली गेली.

आम्हाला मूल नव्हतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, पण तोवर तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. मला पायाचं दुखणं आठवतं आणि हे वाक्य आठवतं. दोन्हींत मोठं कुठलं होतं ते सांगता येणार नाही.

वेस्ता

वेस्ता डोंगरातल्या पाड्यावरचा, सहा-सात वर्षांचा. मामाबरोबर आला होता, पण त्या गोंधळात मामा कुठे दिसत नव्हता. अंगावर फारशी जखम नव्हती, पण छाती दबली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर ओठांवर लालसर फेस यायचा. मी कान लावून ऐकलं. मग गोदाबाईला म्हणाले, "याला माझ्याजवळच ठेव. इथे, बाजेवर."

तिने त्याला अलगद ठेवलं. तिला कळलं होतं.

मी बाकीच्या मुलांबद्दल सांगत होते, हे बांध, ते उचलू नको, त्याला पाणी देऊ नको, आणि माझा डावा हात वेस्ताच्या केसांत होता. तो आधी खूप घाबरला होता. त्याची बोली मला येत नव्हती आणि माझी त्याला. मग मी नुसतंच बोलत राहिले. ओल्या बोटाने ओठ भिजवत होते. माझ्या पदराचं टोक त्याने मुठीत धरलं होतं.

नवापूरकडून नंदुरबारला जाणारी गाडी आली. यजमानांनी तिला थांबवून धरलं होतं. गार्डाच्या डब्यात आणि एका रिकाम्या मालडब्यात मुलं ठेवायची होती, पण आडवी ठेवायची तर थोडीच मावणार. कोण आधी जाणार ते मला सांगायचं होतं. मी सांगितलं. रक्त थांबत नव्हतं ती दोघं, पोट दुखतंय म्हणणारी पांढरीफटक पडलेली एक मुलगी, डोक्याला मार लागून झोपेत जाणारा एक. अशी मुलं, जी पोचली तर जगतील.

यजमान बाजेपाशी आले. शर्ट घामाने भिजलेला. "चल," म्हणाले. "तुला उचलतो."

"मी नंतरच्या गाडीने."

"सुभद्रा, तुझं हाड बाहेर आलंय."

"मी आडवी झाले की दोन मुलांची जागा जाते. आणि इथे अजून मुलं आहेत."

ते वळून चालू लागले. गाडीने शिटी दिली तेव्हा वेस्ताने मान वळवली. इंजिनाकडे पाहू लागला. मी त्याला सांगायला लागले, ते बघ, ते पाणी पितं, कोळसा खातं, आता ते नंदुरबारला जाईल. एक शब्द त्याला कळत नव्हता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला. त्यानंतर थोड्या वेळाने गेला. मूठ सुटली नाही, गोदाबाईने सोडवली.

डॉक्टर काय म्हणाले

संध्याकाळच्या मालगाडीने मला, जमनीला आणि उरलेल्या मुलांना नंदुरबारला नेलं. तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाय धुतला, हाडं ओढून जागेवर आणली, फळ्यांत बांधला आणि दोरीने टांगला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. दोन-तीन दिवसांनी पट्टी उघडली तेव्हा त्यांनी नाक जरा आक्रसलं. नर्स असण्याचा हा तोटा. बाकीच्या रोग्यांना जे डॉक्टरांच्या तोंडून कळतं, ते मला त्यांच्या नाकावरून कळलं.

"वास येतोय?" मी विचारलं.

"येतोय."

"कापावा लागेल?"

"आज नाही. रोज धुऊ. वर चढायला लागलं तर मग विचार करणार नाही, कापीन."

मी हो म्हटलं. नीट, शहाण्या बाईसारखं हो म्हटलं. ते गेल्यावर चादर तोंडावर ओढली. दुसऱ्यांना मी कितीदा म्हटलं होतं, "काही नाही हो, घाबरू नका." आता ते वाक्य मला कोणी म्हणू नये असं वाटत होतं. तुमच्या घरात कोणी असं पडलं असेल तर घाबरू नको म्हणू नका. शेजारी बसा. माझ्या मते त्याने जास्त फरक पडतो.

यजमान सुट्टी मिळेल तसे गाडीने यायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायचे. भाकरी त्यांनीच थापलेली असायची, एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. स्टुलावर बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. पायाकडे कधी पाहिलं नाही. वास चढतोय की उतरतोय हे ठरायचं होतं त्या दिवसांत एकदा म्हणाले, "तू मला विचारलंही नाहीस."

"काय?"

"मी नवरा आहे तुझा. पहिल्या गाडीने आली असतीस तर पाय बिघडला नसता. तू सगळ्यांचं ठरवलंस, तसं माझंही ठरवून टाकलंस."

मला राग आला. मग वाटलं, खरंच आहे. मी विचारलं नव्हतं. विचारत बसायला वेळही नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि आम्ही दोघं एकेक धरून बसलो होतो. त्यांनी बदलीचा अर्ज केला होता, तेही मला तेव्हाच कळलं.

वॉर्ड

वॉर्डात दिवस पहाटेच्या बादल्यांच्या आवाजाने सुरू व्हायचा. मग पट्ट्या उकलणं. रांगेने एकेक मूल रडायचं आणि आवाज माझ्याकडे सरकत यायचा. त्यानंतर पेज. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचे, तेवढा अर्धा तास स्वर्ग. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून मला कुशीवर वळवायचे तेव्हा मी दात आवळून खालच्या फरशीतल्या भेगा बघत असे.

जमनीची खाट माझ्या शेजारी. तिचा कोपर बांधून ठेवला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडा वाकडा राहील. तिची आई दोन खाटांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून बसायची. दिवसचे दिवस तिने माझ्याशी शब्द काढला नाही. जमनी मात्र मजेत. तिनेच मला ती केरसुणीची काडी आणून दिली. "बाई, माय झोपेल शे, आते खाजाडी ले," म्हणून कानात सांगायची.

एके दिवशी डॉक्टरांनी पट्टी उघडली, वाकून वास घेतला, पुन्हा घेतला. जाताना त्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. मी "आई गं" म्हटलं तर हसले. पाय राहणार होता.

वेस्ताची आई

त्यानंतर काही दिवसांनी गोदाबाई आली. बरोबर एक किडकिडीत बाई, पाठीशी बांधलेलं तान्हं. कोण ते मला विचारावं लागलं नाही. डोळे तेच होते. बाजाराच्या दिवशी ती बाळंतीण होती, म्हणून पोराला मामाबरोबर पाठवलं होतं. ती खाली पोचली तोवर मी नंदुरबारला आले होते.

ती खाटेशी जमिनीवर बसली. मग तिने तिच्या बोलीत विचारलं, आणि गोदाबाईने मला सांगितलं, "ती पुसी ऱ्हायनी, तो एकला व्हता का?"

"नाही. माझ्याजवळ होता. शेवटपर्यंत."

पुन्हा प्रश्न आला. या वेळी गोदाबाई अडखळली. मी म्हटलं, "सांग. जसं विचारलं तसं."

"गाडीमा त्याले कसाले नही धाडं?"

सगळा वॉर्ड ऐकत होता असं वाटलं. जमनीच्या आईची पाठ ताठ झाली होती. काहीतरी मऊ सांगावं असं मनात आलं, की जागा नव्हती, की गाडी सुटली. मी तसं सांगितलं नाही.

"त्याची छाती आतून फुटली होती. कोणाच्या हाताने तो वाचला नसता. गाडीत ठेवला असता तर धक्के खात, अंधाऱ्या डब्यात, अनोळखी माणसांत गेला असता. जागा थोडी होती; ज्यांना वाचवता येईल ती मुलं मी पाठवली. त्याला मी ठेवून घेतलं. ठरवलं मीच."

गोदाबाईने ते हळूहळू सांगितलं. बाई ऐकत राहिली. मग काहीतरी छोटंसं विचारलं. घाबरला होता का?

"आधी घाबरला होता. मग गाडी आली. गाडीकडे पाहत होता. मी त्याला इंजिन दाखवत होते. नंतर नाही घाबरला."

ते ऐकून ती गोदाबाईशी भरभर बोलायला लागली, हाताने काहीतरी दाखवत. गोदाबाईचे डोळे भरले. "बाई, ती सांगी ऱ्हायनी, टोचाले तो येतच नव्हता. रडत व्हता. मामानी सांगं, चाल, तुले गाडी दखाडस. म्हनीसन तो उना."

मग ती रडली. मीही रडले. नर्सने रोग्यासमोर रडू नये असं शिकवतात, पण त्या वेळी मी रोगी होते. बऱ्याच वेळाने तिने तान्हं पाठीवरून सोडून माझ्या उशाशी ठेवलं आणि माझा चांगला पाय दोन्ही हातांनी दाबत बसली, आपल्याकडे घरातल्या थकलेल्या माणसाचे दाबतात तसा. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. परतीची गाडी येईपर्यंत ती तशीच बसून होती.

त्या दोघी गेल्यावर जमनीची आई उठली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. नजर खाली. "पानी पिशी का?"

मी प्यायले. तिने तांब्या ठेवला. तरी उभीच.

"केसस्न्या जटा व्हयी गयात तुन्ह्या," ती म्हणाली. "ईचरी देऊ का?"

आणि तिने माझं डोकं मांडीवर घेऊन गुंता सोडवायला सुरुवात केली. ती माफी मागायला आली नव्हती आणि मीही मागितली नाही. मला वाटतं, दोघींनाही पुन्हा त्या झाडाखाली नेलं असतं तर दोघी तेच बोललो असतो. मध्येच जमनी म्हणाली, "माय, मन्हा बी ईचर," आणि तिची आई म्हणाली, "थांब जराशी, बाईना व्हवू दे."

घरी

दिवाळीच्या सुमारास मी खांडबाऱ्याला परतले. पाय आखूड झाला आहे आणि गुडघा वाकत नाही. पहिल्यांदा आरशात चालताना पाहिलं तेव्हा वाईट वाटलं. आता घाई असते त्यामुळे पाहणं होत नाही. काठी लागते. थंडीत ठणकतं. तुमचंही ठणकेल, तर तिळाचं तेल कोमट करून लावा, आणि कोणी लावून देत असेल तर लाजू नका.

मला लावून देतात ते यजमान. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा मी तेलाची वाटी घेऊन धडपडत होते. त्यांनी ती हातातून घेतली, समोर बसले आणि पाय मांडीवर घेतला. व्रण पाहिला, बोटाने वरून खालपर्यंत पाहिला. मग तेल लावलं. तेव्हापासून ते त्यांचं काम आहे. बदलीचा हुकूम आला तो त्यांनी परत पाठवला, असं मला स्टेशनातल्या पोर्टरकडून कळलं.

गावात देवी टोचणं बंद पडलं होतं. मुलांना कोणी छपराखाली आणायला तयार नव्हतं, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. पौष लागला तसे देवीचे रोगी दोन पाड्यांवर निघाले. नवे मास्तर आले आणि मला विचारू लागले की लोक येतील का. मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी जेवताना मी यजमानांना म्हटलं, "एक विचारायचं आहे."

त्यांनी घास खाली ठेवला.

"येत्या बाजारी पोरं टोचायची आहेत. उघड्यावर. मी गेले तर बाया येतील असं वाटतं. जाऊ का?"

नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मी खरंच विचारत होते. मग त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि काही न बोलता बाहेर पडले. मला वाटलं, रागावले.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी काठी टेकत दवाखान्याबाहेर आले तर ते समोरून येत होते. खांद्यावर स्टेशनातलं उंच लाकडी स्टूल, तारयंत्रापुढे ते ज्यावर बसतात ते. गुडघा वाकत नाही, त्यामुळे मला जमिनीवर बसता येत नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मैदानात चार-पाच बाया पोरं घेऊन आधीच लांब उभ्या होत्या, पुढे यावं की नाही या विचारात.

त्यांनी स्टूल खाली न ठेवता विचारलं, "सांग, कुठे ठेवू?"